कोर्टाच्या निकालामागची कारणे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सुदामानगर, इंदूर) : आमच्या खटल्यात दोन्ही वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एकाच निकालाचा आधार घेतला. हे कसे शक्य आहे?

उत्तर : घटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सर्व न्यायालयांना बंधनकारक असला, तरी निकालपत्रातील प्रत्येक वाक्य म्हणजे कायदा नव्हे. आपल्याच शहरातून गेलेले शाहबानो प्रकरण पाहा. इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी १९७९ मध्ये दरमहा २५ रुपये पोटगी ठरवली, उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ती १७९ रुपये २० पैसे केली आणि पतीचे अपील १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने फेटाळले. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ धर्म न पाहता घटस्फोटितेलाही लागू होते, हा त्या निकालाचा आधार. वकील त्यालाच ‘रेशो’ म्हणतात. त्याच निकालपत्रात समान नागरी कायद्याविषयी खेदाचे शब्द आहेत, पण ते वगळले तरी पोटगीत एका पैशाचाही फरक पडत नाही. म्हणून ते केवळ प्रासंगिक मत ठरते. आपल्या दोन वकिलांपैकी एकाने बहुधा आधार वाचला असेल आणि दुसऱ्याने असे मत.

प्रश्न (वडोदरा) : न्यायाधीश निकाल आधी ठरवतात आणि कारणे मागाहून शोधतात, हे खरे का?

उत्तर : मनाचा कल युक्तिवाद ऐकतानाच होत असतो, ते नाकारणे भाबडेपणाचे होईल. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २० मनाचा ठाव घेत नाही, कागद मागतो : वादमुद्दे, त्यांवरील निर्णय आणि त्या निर्णयाची कारणे. काकूंची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या पुतण्याविषयी न्यायाधीशांना कितीही सहानुभूती वाटली, तरी घराचे बक्षीसपत्र नोंदणीकृत नसेल, तर त्याच्या आधारे मालकी देणारे कारण लिहायला बसल्यावर लेखणी अडते. तेथे कल बदलावा लागतो.

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर) : माझ्या अर्जावर ‘नामंजूर’ एवढेच लिहिले आहे. हा आदेश चालतो का?

उत्तर : आदेश थोडक्यात असण्याला हरकत नाही, पण अर्ज का फेटाळला हे कळलेच नाही, तर वरिष्ठ न्यायालय प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवू शकते. प्रमाणित नकलेसाठी लगेच अर्ज करावा. नक्कल मिळण्यास लागणारा आवश्यक काळ अपील किंवा पुनरीक्षणाच्या मुदतीतून वगळला जातो.