सँड लॅबचे दार

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून भाग घडवणाऱ्या कारखान्यात, मी नऊ वर्षे वाळूच्या चाचण्या घेत आहे. रात्रपाळीत वाळूतील ओलावा वाढला, तर मोल्डिंग (साचे बनवण्याचे काम) थांबवायला मीच सांगतो. माझ्यामागून लागलेला एक सहकारी मात्र सकाळी भट्टीपासून ऑफिसपर्यंत सर्वांची विचारपूस करत फिरतो. परवाच्या बैठकीत मालकांनी त्याची तारीफ केली आणि माझे नाव त्यांना शेजारच्याला विचारावे लागले. मग चांगल्या कामाला अर्थ काय?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : नऊ वर्षांनंतर असे घडले, तर ते जिव्हारी लागणारच. तरीही मालकांनी आपल्याला जाणूनबुजून डावलले, असे मला वाटत नाही. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवले. पुढे मोरलँड आणि बीच या संशोधकांनी दिसायला साधारण सारख्या चार तरुणी निवडल्या; विद्यापीठातील एका वर्गात त्यांपैकी एकीला पाच, दुसरीला दहा आणि तिसरीला पंधरा तासांना नुसते बसवले, चौथीला एकदाही पाठवले नाही. त्या कोणाशीही बोलल्या नव्हत्या, तरी सत्राअखेरीस छायाचित्रे दाखवल्यावर विद्यार्थ्यांचा कल जास्त वेळा दिसलेलीकडेच झुकला. आपला सहकारी तर वर चहाही पाजत असेल!

आपली अडचण मात्र थोडी निराळी आहे. बिघडलेले कास्टिंग, म्हणजे साच्यातून निघालेला भाग, ढिगात पडलेले सर्वांना दिसते. पण आपण ओलावा वेळेत पकडल्यामुळे ज्यात वायूची भोके पडलीच नाहीत, ते कास्टिंग मुकाट्याने ट्रकमध्ये चढते. शिवाय मोल्डिंगवाल्यांना आपण दिसता ते केवळ काम थांबवायला आल्यावर, आणि मुळातच मत कडू असेल, तर वारंवार दिसण्याने ते निवळण्याऐवजी अधिक कडू होऊ शकते.

म्हणून सहकाऱ्यासारखे फिरू नका. ते बहुधा आपल्या स्वभावातही नसावे. पाळी बदलताना दहा मिनिटे काढून, वाळू उत्तम असेल त्या दिवशीही, ओलाव्याचे आकडे मोल्डिंगच्या सुपरवायझरना स्वतः जाऊन सांगा. ज्या रात्री काम थांबवाल, त्या रात्री ते किती वाजता आणि किती टक्क्यांवर थांबवले, हे रजिस्टरात लिहून त्यांची सही घ्या. मालकांची सकाळची फेरी लॅबवरून जात असेल, तर घरी जाण्याची घाई न करता तेवढा वेळ दार उघडे ठेवून ते रजिस्टर समोर घेऊन बसा.