रेसच नाही, मग पहाटे उठू कशासाठी?

कोविडमुळे रेस बंद होत्या त्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत समुपदेशनाच्या सत्रांत हौशी धावपटूंनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. "इतकी वर्षं धावतेय, आणि आता बुटांकडे बघवतही नाही. मी आळशी झालेय का?" आजही दुखापतीमुळे किंवा घरातल्या आजारपणामुळे ज्यांची रेस हुकते, ते हेच विचारत येतात. त्यांच्यासाठी एका ताईंची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वैशालीताई बोरिवलीच्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास, एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. हाफ मॅरेथॉन, म्हणजे साधारण २१ किलोमीटरच्या, त्यांनी बऱ्याच केल्या होत्या. जानेवारी २०२१ च्या मुंबई मॅरेथॉनला पहिली फुल, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावायची असं ठरवून त्या तयारीला लागल्या होत्या. ती रेस पुढे गेली. मग ३० मे ही तारीख आली. मे महिन्यातल्या मुंबईच्या घामात फुल मॅरेथॉन, या कल्पनेनंच पुष्कळांनी कपाळावर हात मारला, पण वैशालीताईंनी सरावाचा नवा तक्ता आखला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, पुन्हा निर्बंध लागले, त्या जिथे धावायच्या ते बोरिवलीचं नॅशनल पार्क बंद झालं आणि ३० मेही हातातून गेला. तक्त्यावर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकमार्क होते. त्यापुढे कोरे चौकोन.

आमचं पहिलं बोलणं मे महिन्यात फोनवर झालं. घरात सगळेच घरून काम आणि अभ्यास करणारे, त्यामुळे त्या गच्चीच्या जिन्यात बसून बोलत होत्या. सुरुवातीची दहा मिनिटं त्या फक्त माफी मागत होत्या. "मॅडम, लोकांना ऑक्सिजनचे बेड मिळत नाहीयेत. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोघं गेले. आणि मी एका रेसपायी रडतेय. हे कुणाला सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?"

ही लाज मला त्या काळात वारंवार भेटली. स्वतःचं दुःख दुसऱ्याच्या दुःखाशेजारी ठेवून ते खोटं ठरवायचं, आणि ते तरीही जात नाही म्हणून वर स्वतःला स्वार्थी म्हणायचं. शेजारच्या घरातल्या मृत्यूनं वैशालीताई खरोखर हादरल्या होत्या. त्या घरी रोज डबा पोचवत होत्या. म्हणून त्यांची रेस गेल्याचं वाईट वाटणं संपायला हवं होतं, असं मला वाटत नाही. मी त्यांना म्हटलं, "वैशालीताई, हा अर्धा तास तुमचा आहे. इथे फक्त रेसबद्दल बोला, आणि माफी न मागता बोला."

अशा वेळी एक गोष्ट आधी तपासावी लागते. झोप कशी आहे, भूक कशी आहे, धावण्याखेरीज दुसऱ्या कशात मन रमतं का, जगणं नकोसं वाटतं का? दोन आठवड्यांहून जास्त काळ सगळ्यातलाच रस गेला असेल, झोप उडाली असेल, तर तो प्रश्न निव्वळ रेसचा राहत नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. आणि मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. वैशालीताई नीट झोपत होत्या, मुलाबरोबर पत्ते खेळताना हसत होत्या. अडकलं होतं ते एकाच जागी.

सल्ले त्यांना भरपूर मिळाले होते. धावण्याच्या ग्रुपमधल्या मैत्रिणी म्हणत, जगभर हेच चाललंय, १८९७ पासूनची बॉस्टन मॅरेथॉनसुद्धा २०२० मध्ये इतिहासात पहिल्यांदा रद्द झाली, मग आपलं काय. कोणी तुलूजमधल्या त्या फ्रेंच धावपटूची बातमी पाठवली, ज्यानं लॉकडाऊनमध्ये घरच्या बाल्कनीत मॅरेथॉनचं अंतर पूर्ण केलं. "ते वाचून मला आणखीच गळाल्यासारखं झालं," त्या म्हणाल्या. एका व्हर्च्युअल रेसला, म्हणजे आपापल्या जागी अंतर धावून पूर्ण करायच्या रेसला, नावही दिलं होतं. बिल्डिंगच्या आवारात गोल गोल फिरत दहा किलोमीटर पूर्ण केले, मेडल कुरिअरनं आलं, आणि ते पाकीट न फोडताच मायक्रोवेव्हवर पडून राहिलं. व्हर्च्युअल रेस कित्येकांना छान लागू पडते. त्यांना नाही पडली, आणि ती का पडली नाही यातच त्यांचं उत्तर होतं.

त्या अर्ध्या तासात त्यांना घरून दोनदा हाक आली. एकदा चार्जर कुठे आहे म्हणून, एकदा दूध उतू गेलं म्हणून. दोन्ही वेळा "एक मिनिट हं मॅडम" म्हणून त्या उठल्या. मी त्यांना आठवडाभराचं काम दिलं. धावणं आठवेल तेव्हा त्या क्षणी नेमकं काय आठवलं, तेवढं एका ओळीत लिहायचं. का आठवलं, बरं वाटलं की वाईट, यातलं काही लिहायचं नाही.

पुढच्या वेळी त्यांनी वही वाचून दाखवली. कणीक मळताना: नॅशनल पार्कच्या गेटवरचा अंधार. कपडे वाळत घालताना: कान्हेरीच्या चढाला सगळ्यांच्या गप्पा बंद होतात ते. रात्री ओटा पुसताना: पाच वाजता दार हळूच ओढून घेते तो आवाज. दुपारी ऑफिसची मीटिंग चालू असताना: दोन तास मला कुणी हाक मारत नाही. वहीत मेडल कुठेच नव्हतं. टायमिंग नव्हतं. मुंबई मॅरेथॉनचं नावसुद्धा एकदाच आलं होतं.

वाचता वाचता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, रेस होती म्हणून मला घरातून बाहेर पडता येत होतं."

मग उलगडा होत गेला. रेसची तारीख ठरली की घर आपोआप शिस्तीत यायचं. रविवारी लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचा सराव, म्हणून नवरा चहा करायचा, मुलगा आजीची सकाळची गोळी द्यायचा, नाश्त्याला बाहेरून इडल्या यायच्या. आईची रेस आहे, ही गोष्ट सगळ्यांना पटत होती. रेस पुढे गेली तशी एकेक गोष्ट परत त्यांच्याकडे आली, आणि कुणी तसं ठरवलं होतं असंही नाही. सासूबाई तर मायेनंच म्हणाल्या होत्या, "आता रेस नाही ना गं, मग झोप की जरा." पाचला उठायला कारण उरलं नव्हतं, आणि निव्वळ "मला हवंय" हे कारण त्यांनी आजवर घरात कधी वापरलंच नव्हतं.

प्रेरणा गेली म्हणून येणाऱ्या माणसाला मी म्हणूनच लगेच नवं ध्येय सुचवत नाही. ती रेस त्याच्या आयुष्यात कोणतं काम करत होती ते आधी कळायला हवं. कुणासाठी ती माणसांत मिसळायची जागा असते, मग त्याला रोज एकाच वेळी फोन लावून आपापल्या गल्लीत धावणारा जोडीदार उपयोगी पडतो. कुणाला आकड्यांची भूक असते, त्याला घरासमोरच्या एक किलोमीटरची वेळ कमी करण्यात मजा येते. वैशालीताईंना हवी होती मोकळीक, आणि ती मागायची त्यांना सवय नव्हती.

त्यामुळे आमचा पुढचा बराच वेळ धावण्यावर गेलाच नाही. घरी काय बोलायचं त्याची आम्ही तयारी केली. "तुम्हाला चालणार असेल तर" अशी सुरुवात त्या करत, ती हळूहळू काढून टाकली. एका सत्रात नवराही फोनवर आला. त्याला काळजी संसर्गाची होती आणि ती रास्त होती, घरात सत्तरीतली आई. तेव्हा ग्रुप नको, एकटीनं, रुंद आणि मोकळा रस्ता, मास्क जवळ, घरी आल्यावर थेट आंघोळ, एवढं दोघांनी मिळून ठरवलं. जूनच्या सुरुवातीला निर्बंध सैल झाले आणि पहाटे पाच ते नऊ फिरायला मुभा मिळाली. मंगळवार, गुरुवार, रविवार हे दिवस त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितले. सासूबाईंनी विचारलं, "रेस केव्हा आहे?" त्या म्हणाल्या, "रेस नाही, आई. मला जायचंय." सासूबाई थोडं थांबून म्हणाल्या, येताना दूध आण.

पहिल्या दिवशी तीन किलोमीटरमध्येच धाप लागली. मला मेसेज आला, "सगळं गेलं." इथे मात्र शरीराची थोडी माहिती धीर देते. धावणं थांबलं की दोनेक आठवड्यांतच दमसास कमी व्हायला लागतो, कारण रक्तातल्या द्रवाचं प्रमाण आधी घटतं. तेच पुन्हा धावायला लागल्यावर लवकर भरूनही येतं. वर्षानुवर्षांची मेहनत दीड-दोन महिन्यांत पुसली जात नाही. त्यातून मुंबईचा जून, हवेत इतका दमटपणा की घाम वाळतच नाही आणि नेहमीच्याच वेगाला हृदयाचे ठोके चढतात. मी सांगितलं, घड्याळ घरी ठेवा. सोबत कोणी असतं तर पूर्ण वाक्य बोलता आलं असतं, अशा वेगानं धावा. वीस मिनिटांनी परतावंसं वाटलं तर खुशाल परता, तो दिवस झाला असं धरा. (ज्यांना कोविड होऊन गेला होता त्यांना मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढंही सांगितलं नाही.)

त्याच आठवड्यात मुलाची बारावीची परीक्षा रद्द झाली. तो दहा-दहापर्यंत लोळत राहायचा, पुस्तकाला हात लावत नव्हता. वैशालीताई म्हणाल्या, "एरवी मी ओरडले असते. पण त्याच्याही तक्त्यावरची तारीख गेलीय ना." तीन-चार दिवसांनी एका गुरुवारी तो आपण होऊन त्यांच्याबरोबर सायकल घेऊन निघाला. फार काही बोलला नाही म्हणे, पण पुढच्या मंगळवारीही आला.

मधले काही आठवडे पुन्हा सुटले. नवऱ्याला ताप आला होता, नंतर पावसाची झड लागली. अशा वेळी सुटलेले दिवस भरून काढायचे नाहीत, पुढचा ठरलेला वार धरायचा, एवढंच आमचं ठरलं होतं. जानेवारी २०२२ लाही मुंबई मॅरेथॉन झाली नाही. ती बातमी आली तेव्हा त्यांना वाईट वाटलं, रडूही आलं, आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार होता म्हणून त्या धावायला गेल्या.

१५ जानेवारी २०२३ च्या रेसची नोंदणी सुरू झाली तेव्हा त्यांनी फोन केला. फुलला नाव द्यावं का, विचारत होत्या. मी उलट विचारलं, रेसनंतरच्या आठवड्याचं घरी काय ठरलंय? त्या हसल्या. "आईंना आधीच सांगून ठेवलंय. रेस रविवारी पंधराला. सोळाला मी झोपणार. सतराला मंगळवार आहे, तेव्हा गोळी द्यायचं काम नातवाकडेच."