माल्टाला जाताय? आधी वारा बघा

प्रश्न : ऑक्टोबरात पाच दिवस माल्टात, स्लीमाला राहणार आहोत. सोबत सत्तरीची आई (गुडघे दुखतात) आणि नऊ वर्षांचा मुलगा. कोणत्या दिवशी काय बघावं? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : आधी तारीख ठरवून बुक करायच्या गोष्टी दोनच. पहिली पावला गावातलं हायपोजियम, म्हणजे खडकात कोरलेली, पाच हजार वर्षांहून जुनी भुयारी दफनभूमी. तासाला दहाच माणसं आत सोडतात, त्यामुळे विमानाचं तिकीट हातात पडताच हे काढा. मुलाला अडचण नाही, सहाच्या आतल्यांनाच मनाई आहे. आत पायऱ्या आहेत, आईंना नको. दुसरी गोष्ट कोमिनो या छोट्या बेटावरचा ब्लू लगून, म्हणजे निळ्याशार पाण्याची खाडी. तिथे उतरायला आता ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. ती फुकट मिळते.

बाकी सगळं वाऱ्यावर. वायव्येचा वारा सुटला की कोमिनोच्या होड्या डुलतात, कधी बंदच होतात. अशा दिवशी दक्षिण किनारा आडोशाला असतो. तिथल्या ब्लू ग्रोटोची, म्हणजे समुद्रातल्या गुहांची होडी बरेचदा चालू सापडते. तिथे सकाळीच जा, पाण्याचा निळा रंग तेव्हाच खुलतो. दक्षिणेचा वारा असेल तर नेमकं उलट करा.

राजधानी व्हॅलेटाला स्लीमाहून फेरीने दहा मिनिटं लागतात, पण धक्क्यावरून वर शहरात जाणारा चढ जीव काढतो. आईंना बसने न्या. बस शहराच्या वेशीपाशी सोडते आणि मुख्य रस्ता तिथूनच सुरू होतो. सेंट जॉन को-कॅथीड्रल रविवारी पर्यटकांना बंद. खांदे झाकलेले हवेत, टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. आत काराव्हाज्जोचं 1608 चं योहानाच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र आहे. मानेतून सांडलेल्या रक्तात खाली चित्रकाराने आपलं नाव लिहिलंय, ते शोधायचं काम मुलाला द्या. व्हॅलेटातल्याच अप्पर बाराक्का बागेच्या तोफा दुपारी बारा आणि चारला उडतात.

शेजारच्या गोझो बेटाला जायला चिरकेव्वा बंदरातून गाड्यांची मोठी फेरी धरा. जाताना तिकीट मागत नाहीत, परतीला घेतात. व्हॅलेटाहून सुटणाऱ्या वेगवान बोटीचं भाडं मात्र वेगळं. गोझोच्या जुन्या फोटोंतली दगडी कमान (अझुर विंडो) शोधत बसू नका, ती 8 मार्च 2017 ला समुद्रात कोसळली.

प्रश्न : स्लीमाला हॉटेलसमोरच पोहता येईल का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : येईल, पण कोलव्यासारखी वाळू विसरा. खडकावरून लोखंडी शिडीने पाण्यात उतरायचं आणि लगेच पाय टेकेनासे होतात. शिडीजवळच्या हिरव्या शेवाळावरून लोक घसरतात, खडकांच्या फटींत अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचे काळे काटे असतात. रबरी बूट घालाच. भरती-ओहोटी जवळजवळ नसते, त्यामुळे तिची वेळ बघायची गरज नाही. लाटा मात्र बघा. लाटा शिडीवर आपटत असतील तर आत जाणं सोपं, बाहेर येणं कठीण. जांभळा झेंडा म्हणजे जेलीफिश आहेत. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी नको, चोळायचं तर अजिबात नाही. लहान मुलांसाठी मेलीहाची उथळ, वाळूची किनारपट्टी बरी.

प्रश्न : शाकाहारी माणसाने काय खावं? – एक वाचक, फोंडा

उत्तर : पास्तित्सी. रिकोटा चीजचे किंवा वाटाण्याचे पापुद्री समोसेच म्हणा; जागोजागी, स्वस्त मिळतात. काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी घालतात, विचारून घ्या. आणि चार्जरसाठी ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर न्या, युरोपातला गोल पिनांचा तिथे बसत नाही.