तीन पत्ती येते, मग पोकर शिकायला किती अवघड?

दिवाळीत घरी तीन पत्ती खेळता, मग पोकर जमेल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की जमेल. फक्त दोन सवयी आधी मोडाव्या लागतील.

पहिली सवय पानांच्या क्रमाची. तीन पत्तीत कलरवर (सगळी पानं एकाच चिन्हाची) सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) भारी, पोकरमध्ये सिक्वेन्सवर कलर भारी. पोकरमध्ये कलरला फ्लश म्हणतात. प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचा सिक्वेन्स) सोडला, तर तीन पानांत कलर १,०९६ प्रकारे लागतो आणि सिक्वेन्स ७२० प्रकारे. पाच पानांत सिक्वेन्सचे प्रकार १०,२०० होतात, फ्लशचे ५,१०८ च. पोकरमध्ये दुर्मीळ ते मोठं, एवढाच नियम. म्हणूनच तीन पत्तीत सगळ्यात भारी असलेला ट्रेल (तीन सारखी पानं) इथे साध्या सिक्वेन्सकडूनही हरतो.

शिकायचंच तर पोकरचा टेक्सास होल्डम हा प्रकार शिका. प्रत्येकाला दोन पानं बंद. मग टेबलावर सगळ्यांची मिळून तीन पानं उघडतात, तो फ्लॉप, नंतर एक, तो टर्न, शेवटचं रिव्हर. या सातांतली सगळ्यात चांगली पाच पानं तुमची.

दुसरी सवय हातात काही नसताना चाल खेळत राहायची. इथे बहुतेक डाव पहिल्या दोन पानांवरच सोडायचे असतात, आणि पुढे डावात राहायचं की नाही ते हिशेबाने ठरवायचं. समजा तुमच्याकडे बदाम एक्का आणि बदाम नव्वी आहे. फ्लॉपला बदाम राजा, किल्वर सत्ती, बदाम चौकी आली. चार बदाम झाले, अजून एक आला की फ्लश. न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम उरले, म्हणजे पुढचं पान बदाम असण्याची शक्यता साधारण १९ टक्के. पॉटमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून लावलेल्या ढिगात, ४०० चिप्स आहेत आणि समोरच्याने १०० लावले. १०० घालून ५०० मिळू शकतात, म्हणजे सहापैकी एकदा (साधारण १७ टक्के) जिंकलात तरी बरोबरी होते, आणि तुमची शक्यता १९ टक्के आहे, तर खेळा. त्याने ४०० लावले, तर बरोबरीसाठी तीनपैकी एकदा जिंकावं लागेल, म्हणून निव्वळ पुढच्या पानाच्या भरवशावर ते महाग आहे. पोकरचा खरा आनंद मला या हिशेबात वाटतो, ब्लफ, म्हणजे पानं भारी असल्याचं भासवणं, त्यानंतर.

पैसे लावू नका. २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ देशात बंदच आहेत. घरचा कॅट घ्या, चिप्सऐवजी चिंचोके चालतील, आणि सुरुवातीचे काही डाव सगळ्यांची पानं उघडी ठेवून खेळा. कोण डावात का राहिलं आणि कोणी का सोडलं, यावर तिथल्या तिथे बोला.