मेलबर्नच्या अँग्लिकन खाजगी शाळेच्या कौन्सिलवर पालक म्हणून जावं का? सदस्यांना नेमकं काय करावं लागतं?

प्रश्न थोडक्यात असा दिसतो: मुलगी मेलबर्नच्या एका अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, शाळेत आहे, पालक संघटनेने स्कूल कौन्सिलसाठी तुमचं नाव सुचवलंय, तुम्ही अकाउंट्सच्या क्षेत्रातले आहात, ख्रिस्ती नाही, आणि हे पद मानाचं आहे की डोक्याला ताप, हे कळत नाहीये.

दोन्ही आहे. पण आधी एक गैरसमज दूर करू, कारण आपल्याकडून गेलेले बहुतेक पालक इथेच अडखळतात. भारतात शिक्षण हक्क कायद्याखाली जी शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि ते पालक म्हणूनच बोलतात. ऑस्ट्रेलियातल्या खाजगी शाळेचं कौन्सिल त्या जातकुळीतलं नाही. ते आपल्या शिक्षणसंस्थेच्या विश्वस्त मंडळाच्या जास्त जवळचं आहे. पालक संघटनेने पाठवलेला सदस्यसुद्धा कौन्सिलच्या टेबलावर बसला की पालकांचा प्रतिनिधी राहत नाही. कायद्याने त्याची निष्ठा शाळा नावाच्या संस्थेशी. फीवाढीला पालकांचा विरोध असला आणि तुम्हाला हिशेब पाहून वाढ गरजेची वाटली, तर तुम्ही वाढीच्या बाजूनेच मत द्यायचं, आणि आत काय चर्चा झाली ते बाहेर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगायचं नाही. हे जमणार नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

आता कौन्सिलवर असतं कोण? सहसा दहा ते चौदा जण. काही आर्चबिशप किंवा डायोसिस, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला धर्मप्रांत, नेमतो. काही ठिकाणी सिनॉड, म्हणजे धर्मप्रांताची प्रतिनिधी सभा, निवडून देते. एक-दोन माजी विद्यार्थी संघटनेचे, एखादा पालक संघटनेचा, आणि उरलेले कौन्सिलनेच गरजेप्रमाणे घेतलेले: वकील, अकाउंटंट, बांधकामातला माणूस, एखादा निवृत्त शिक्षणतज्ज्ञ. मुदत बहुधा तीन वर्षांची, तीन मुदतींनंतर बाहेर. प्रिन्सिपल बैठकीला असतात, पण त्यांना मत असतंच असं नाही. बिझनेस मॅनेजर बऱ्याचदा सचिव म्हणून बसतो.

तुम्ही ख्रिस्ती नाही हा मुद्दा शाळेगणिक आणि धर्मप्रांतागणिक बदलतो. सिडनी धर्मप्रांत याबाबतीत कडक आहे. त्यांच्या संस्थांच्या धोरणात सदस्यांनी ख्रिस्ती श्रद्धेच्या निवेदनावर सही करणं अपेक्षित असतं, आणि ती अट तुमच्यासाठी दारच बंद करते. मेलबर्नमध्ये वातावरण जास्त मोकळं आहे. अनेक शाळांच्या घटनेत, म्हणजे मूळ नियमावलीत, ठराविक जागा किंवा अध्यक्षपद अँग्लिकन व्यक्तीसाठी राखलेलं असतं आणि बाकीच्यांनी शाळेच्या अँग्लिकन स्वरूपाला पाठिंबा द्यावा एवढीच अपेक्षा असते. अंदाज बांधू नका. शाळा धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असते, आणि एसीएनसी या केंद्रीय नियामकाच्या रजिस्टरवर शाळेचं नाव टाकलं की तिची घटना सहसा तिथेच मिळते. आपल्या धर्मादाय आयुक्ताच्या कार्यालयात खेटे घालणाऱ्याला हे रजिस्टर स्वर्गच वाटेल: घटना, वार्षिक हिशेब, सध्याच्या जबाबदार व्यक्तींची नावं, सगळं फुकट आणि घरबसल्या.

घटनेत पहिली गोष्ट शोधायची ती म्हणजे शाळा कायद्याच्या नजरेत कोण आहे. हा मुद्दा कोरडा वाटतो, पण सगळं त्यावर ठरतं. एक प्रकार म्हणजे शाळाच स्वतः कंपनी लिमिटेड बाय गॅरंटी, म्हणजे भागधारक नसलेली कंपनी, असते; मग कौन्सिल सदस्य म्हणजे तिचे संचालक. दुसरा प्रकार न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, दिसतो: १९३८ च्या चर्चविषयक बॉडीज कॉर्पोरेट कायद्याखाली सिनॉडने ऑर्डिनन्स, म्हणजे चर्चचा नियम, करून उभी केलेली संस्था. तिसऱ्यात शाळेला स्वतंत्र अस्तित्वच नसतं. मालक धर्मप्रांत, आणि कौन्सिल म्हणजे त्याने अधिकार देऊन बसवलेली समिती. ब्रिस्बेन धर्मप्रांताच्या बऱ्याच शाळा अशा आहेत. तिसऱ्या प्रकारात मोठं कर्ज, जमीन विकणं, प्रिन्सिपलची नेमणूक अशा गोष्टींवर शेवटचा शब्द धर्मप्रांताचा. पहिल्या प्रकारातही जमीन चर्चच्या ट्रस्टच्या नावावर असू शकते, म्हणजे ती तारण ठेवायची तर त्यांची संमती हवी. शाळेचा चॅप्लन, म्हणजे धर्मगुरू, तर कुठेच नुसत्या कौन्सिलच्या मर्जीने नेमता येत नाही. त्याला बिशपचं लायसन्स लागतं.

प्रत्यक्ष कामाकडे येऊ. कौन्सिल थेट एकाच माणसाची नेमणूक करतं, प्रिन्सिपलची. त्यांना नेमणं, त्यांचं वर्षाचं मूल्यमापन करणं, गरज पडली तर काढणं, हे मुख्य काम. त्याखालोखाल बजेट आणि फी, मोठी बांधकामं, जोखीम, आणि मुलांची सुरक्षितता. गणिताचा शिक्षक बरोबर शिकवत नाही, मुलगी नेटबॉलच्या अ संघात आली नाही, हे कौन्सिलचं काम नाही. तुम्ही सदस्य झालात की शाळेच्या गेटवर लोक गाठून हेच सांगणार. उत्तर ठरलेलं ठेवा: आधी वर्गशिक्षक, मग इयर लेव्हल प्रमुख, मग डेप्युटी प्रिन्सिपल, मग प्रिन्सिपल. तक्रार प्रिन्सिपलविरुद्धच असेल तरच ती कौन्सिलच्या अध्यक्षांकडे, आणि तीही लेखी.

कामाचा वेळ महिन्याला दहा-बारा तास धरा. वर्षाला सहा ते नऊ पूर्ण बैठका, शिवाय प्रत्येकाला एखादी समिती. तुम्हाला फायनान्स किंवा रिस्क अँड ऑडिटमध्ये टाकतील, यात शंका नाही. कागदपत्रं साधारण आठवडाभर आधी पोर्टलवर येतात, दीड-दोनशे पानं सहज. ती न वाचताच बैठकीला येणारे सदस्य पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येतात. पैसे मिळत नाहीत. न्यू साउथ वेल्समध्ये तर १९९० च्या शिक्षण कायद्याचं कलम ८३सी सदस्यांना केलेल्या खर्चाच्या भरपाईपलीकडे काहीही द्यायला मनाई करतं, आणि नियम मोडला तर शाळेचं सरकारी अनुदान धोक्यात येतं. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यातही, अनुदान घेणाऱ्या शाळेने नफ्यासाठी चालायचं नसतं. सदस्याच्या फर्मला शाळेचं काम द्यायचं असेल तर बाजारभावाची कोटेशनं, लेखी हितसंबंध जाहीर करणं आणि त्या विषयावेळी खोलीबाहेर जाणं, हे तिन्ही हवंच. तुमची मुलगी शाळेत शिकते हा हितसंबंधही नोंदवहीत लिहिला जातो.

होकार देण्याआधी शाळेकडे ही कागदपत्रं मागा: घटना, गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, वर्षभराची इतिवृत्तं, रिस्क रजिस्टर, संचालक दायित्व विम्याचं प्रमाणपत्र आणि इंडेम्निटीचा, म्हणजे सदस्यावर दावा आला तर शाळा भरपाई देईल असा, करार. इतिवृत्तं दाखवायला कुरकूर झाली तर गोपनीयतेच्या करारावर सही करायची तयारी दाखवा. तरीही नकार आला, तर माझ्या मते तुम्हीही नकार द्यावा.

हिशेब तुमचा विषय आहे, पण शाळेच्या ताळेबंदात काही खुब्या असतात. वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, आणि तोपर्यंत अनेक पालकांनी पुढच्या वर्षाची फी भरलेली असते. ती रक्कम चालू देण्यांत दिसते. त्यामुळे चालू देणी चालू मालमत्तेपेक्षा जास्त असणं ही एरवी धोक्याची घंटा, इथे ती नेहमीच तशी नसते. त्यापेक्षा कामकाजातून येणारी रोकड पाहा. एकूण कर्जाला विद्यार्थिसंख्येने भागा आणि तोच आकडा शेजारच्या दोन शाळांसाठी काढा. त्यांचेही हिशेब त्याच रजिस्टरवर आहेत. सातवीच्या प्रवेशांचा पाच वर्षांचा कल पाहा, कारण सातवीत कमी झालेली तीस मुलं बारावीपर्यंत दरवर्षी कमीच दिसत राहतात. पगार हा खर्चाचा सर्वांत मोठा तुकडा, आणि तो पटसंख्येबरोबर लगेच खाली येत नाही.

व्हिक्टोरियात आणखी एक गोष्ट. १ जुलै २०२४ पासून जास्त फी घेणाऱ्या खाजगी शाळांची पेरोल टॅक्सची, म्हणजे पगारांवरच्या राज्य कराची, सूट गेली. निकष दर विद्यार्थी वर्षाला १५,००० डॉलरपेक्षा जास्त फी-उत्पन्नाचा. मेलबर्नमध्ये मूळ दर ४.८५ टक्के, म्हणजे मोठ्या शाळेला दरसाल मोठा आकडा. कौन्सिलने तो फीत घातला, की खर्च कापून भागवला, की नुसता तोटा दाखवला, हे बजेटच्या टिपणात शोधा. तिसरं उत्तर सापडलं तर पुढच्या दोन वर्षांत काय होणार ते तुम्हाला सांगायला नको. बिल्डिंग फंडाकडेही नजर ठेवा. त्यातल्या देणगीवर दात्याला कर-सवलत मिळते, पण तो पैसा इमारतीवरच खर्च व्हायला हवा. त्यातून शिष्यवृत्ती किंवा पगार दिला की गाठ कर खात्याशी.

आता सर्वांत जड भाग. २०१३ ते २०१७ या काळात संस्थांमधल्या बाल लैंगिक शोषणावर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं होतं. त्यात अँग्लिकन शाळाही होत्या; जिलाँग ग्रामरची सुनावणी २०१५ मध्ये झाली. याच काळात व्हिक्टोरियाने आणि न्यू साउथ वेल्सने अशा दाव्यांवरची मुदतमर्यादा काढून टाकली आहे, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या घटनेचा दावाही आज येऊ शकतो. हिशेबाच्या टिपांमध्ये तरतुदी आणि संभाव्य देणी ही दोन शीर्षकं शब्दन् शब्द वाचा. आणि विचारा: १९६० ते १९९० च्या काळातल्या विमा पॉलिसी शाळेकडे आहेत का? अनेक शाळांनी त्या कधीच फेकून दिल्या. मग विमा कंपनीवर दावा सिद्ध करता येत नाही आणि पैसे शाळेच्या खिशातून जातात. जुन्या इतिवृत्तांतून, हप्त्यांच्या पावत्यांतून, ब्रोकरच्या फायलींतून पॉलिसी शोधून काढणं हे आता स्वतंत्र कामच झालंय.

आजच्या मुलांबाबतही कौन्सिल हात वर करू शकत नाही. व्हिक्टोरियात १ जुलै २०२२ पासून ११ बाल सुरक्षा मानकं लागू आहेत आणि शाळांसाठी मंत्र्यांचा आदेश क्रमांक १३५९ आहे. कर्मचाऱ्यावर नियामकाला कळवणं बंधनकारक असलेला (रिपोर्टेबल) आरोप आला तर शाळाप्रमुखाने ३ कामकाजाच्या दिवसांत नियामकाला कळवायचं आणि ३० दिवसांत पुढची माहिती द्यायची. आरोप प्रिन्सिपलवरच असेल तर ही जबाबदारी कौन्सिलवर, व्यवहारात अध्यक्षांवर, येते. सुट्टीच्या काळात अध्यक्ष परदेशी असले तर कोण कळवणार, हे बहुतेक ठिकाणी लिहून ठेवलेलं नसतं. पहिल्या बैठकीत विचारायला हा चांगला प्रश्न आहे.

कौन्सिलचं बिनसतं कुठे? दोन टोकांना. एक टोक म्हणजे रोजच्या कारभारात नाक खुपसणं, त्याला कंटाळून चांगले प्रिन्सिपल सोडून जातात. दुसरं म्हणजे प्रिन्सिपल जे मांडतील त्यावर मान डोलवणं आणि शाळेत काय खदखदतंय याचा पत्ता नसणं. २०१८ मध्ये मेलबर्नच्या क्यू भागातल्या ट्रिनिटी ग्रामर या अँग्लिकन शाळेत फोटोच्या दिवशी डेप्युटी हेडमास्तरांनी एका मुलाचे केस कापले, शाळेने त्यांना काढलं, आणि विद्यार्थी, माजी विद्यार्थी, पालक असे सगळेच उलटले. स्वतंत्र चौकशी बसली, डेप्युटी परत आले, आणि कौन्सिलमधल्यांचे राजीनामे पडले. केस हे निमित्त होतं. शाळा कुठल्या दिशेला चालली आहे यावरची नाराजी त्याआधीपासून साचलेली होती आणि कौन्सिलला तिची खोली कळली नव्हती. म्हणून कर्मचारी किती सोडून गेले, का गेले, आणि पालकांच्या सर्वेक्षणात काय आलं, हे आकडे दर सहा महिन्यांनी मागणारा एक तरी सदस्य हवा.

वैयक्तिक धोक्याचं काय? प्रामाणिकपणे, कागद वाचून, हितसंबंध जाहीर करून काम केलं तर धोका कमी आहे. विमा आणि इंडेम्निटी त्यासाठीच असतात. पण शाळा कंपनी असेल आणि देणी भागणार नाहीत हे दिसत असताना तुम्ही नवी देणी करू दिलीत, तर संचालक म्हणून अंगाशी येऊ शकतं. धर्मादाय संस्था आहे म्हणून त्यातून सुटका नाही.

कागदोपत्री तयारी आधीच सुरू करा. वर्किंग विथ चिल्ड्रन चेक लागतो. स्वयंसेवकांना तो मोफत असतो आणि व्हिक्टोरियात ५ वर्षं चालतो. शाळा योग्य व्यक्ती असल्याचं घोषणापत्र भरून घेईल. अलीकडच्या वर्षांत तुम्ही भारतात राहिला असाल तर काही शाळा तिथलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागतात, त्याला वेळ जातो. शाळा कंपनी असेल तर डायरेक्टर आयडी, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, नेमणुकीच्या आधी काढावा लागतो, नंतर नाही. मायआयडी या सरकारी ओळख अ‍ॅपवरून अर्ज होतो आणि तो फुकट आहे. मोठ्या संस्थेने सदस्य बदलल्याचं २८ दिवसांत एसीएनसीला कळवायचं असतं. पुढे कधी राजीनामा दिलात तर तो लेखी, तारखेसह द्या, आणि महिनाभराने रजिस्टर उघडून आपलं नाव उतरलंय का हे स्वतः पाहा. शाळेच्या ऑफिसात हे काम मागे पडलं, तर रजिस्टरवर जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचंच नाव दिसत राहतं.