कूलंट कमी होते, पण गळती दिसत नाही

प्रश्न : माझ्या २००९ सालच्या मारुती ओम्नीला एलपीजी किट बसवलेले आहे. गेले दोन महिने कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतील पातळी दर आठवड्याला खाली जाते. मात्र गाडीखाली डाग दिसत नाही. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचे (हेडखालचे) सील, गेले असून हेड उतरवावे लागेल, असे मेकॅनिक म्हणतो. तत्पूर्वी काय तपासावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मेकॅनिकचा अंदाज खरा ठरूही शकेल, परंतु प्रेशर टेस्ट (कूलंटच्या वाटेत दाब भरून गळती शोधण्याची चाचणी) झाल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाडीखाली डाग नाही, एवढ्यावरून गळती इंजिनाच्या आत आहे असे ठरत नाही. ओम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, आणि तेथे एखाद्या जोडातून थेंब थेंब गळणारे कूलंट तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडून जागीच सुकते. मागे उरते ती हिरवट-पांढरी खपली. इंजिन पूर्ण गार असताना सीट उचलून टॉर्चच्या उजेडात होजच्या क्लिपा आणि वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र नीट पाहावे. पंपाचे सील झिजले की कूलंट त्या छिद्रातून झिरपू लागते.

आपल्या गाडीत संशयाची आणखी एक जागा आहे, आणि नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष होते. द्रवरूप गॅसचा वायू करणाऱ्या रिड्यूसरला उष्णता मिळावी म्हणून इंजिनातील गरम कूलंट त्यातून फिरवलेले असते. त्याच्या नळ्यांचे जोड सैल होतातच. शिवाय रिड्यूसरमधील सील फाटले, तर कूलंट गॅसच्या वाटेने इंजिनात जाऊन जळते आणि सारी लक्षणे हेड गॅस्केट गेल्यासारखीच दिसतात. गॅसकिटच्या जाणकाराकडून कूलंटच्या त्या दोन नळ्या रिड्यूसर वगळून एकमेकींना जोडून घ्याव्यात आणि आठवडाभर गाडी केवळ पेट्रोलवर चालवावी. पातळी स्थिर राहिली, तर दोष कोठे आहे हे वेगळे सांगायला नको.

रेडिएटरचे झाकण किरकोळ किमतीचे असते, पण त्याची कामगिरी मोठी आहे. ०.९ बार दाब टिकला, तर साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले असेल, तर घाटात कूलंट लवकर उकळून बाटलीवाटे बाहेर पडते.

प्रेशर टेस्टमध्ये गार इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरतात आणि पंधरा मिनिटे काट्यावर लक्ष ठेवतात. दाब उतरला आणि बाहेर कोठेही ओल दिसली नाही, तर स्पार्क प्लग काढून पाहावेत. तिघांपैकी एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, किंवा रेडिएटरच्या तोंडाशी धरलेल्या तपासणी नळीतील निळे रसायन इंजिनातील जळका वायू लागून पिवळे झाले, तर मात्र गॅस्केटचा संशय बळावतो. ऑइलच्या झाकणाखालची पांढरी साय हा एकटा पुरावा मानू नये, कारण पावसाळ्यात जवळच्या फेऱ्यांनीही ती जमते. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल, तर गाडी चालवूच नये.

गळती बुजवणारी पावडर टाकण्याचा मोह टाळावा, कारण ती रेडिएटरच्या अरुंद नळ्याही तितक्याच निष्ठेने बुजवते. निदान होईपर्यंत घाट टाळावा आणि काटा चढू लागताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण गार होईपर्यंत उघडू नये.