पहिला आंबा आजीला का?

चिऊ,

काल तू श्रीखंड भरून गोठवलेल्या आंब्यांतला पहिला मी आजीच्या फोटोपुढं ठेवला आणि तू म्हणालीस, "बाबा, ती तर खाणार नाही, मग पहिला तिलाच का? तू तरी मानतोस का हे?" मी काहीतरी पुटपुटून विषय बदलला. खरं तर लागलं मला जरा. म्हणून लिहायलोय, लेक्चर नाही, कंटाळा आला तर सोड.

बेळगावात आमच्या शहापूरच्या घरी आंब्याची पेटी एप्रिलच्या आधीच यायची, पण तुझी आजी अक्षयतृतीयेपर्यंत आंबा तोंडात घालायची नाही. त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याचा माठ, रसाची वाटी, आणि मगच ती खाणार. थांबायच्या त्या बायकाच, हे पण सांगतो. आजोबा, काका, आम्ही पोरं पेंढ्यातनं पिकलेला हुडकून पायरीवर कोय चोखत बसायचो, रस कोपरापर्यंत ओघळायचा, कुणी काही बोलायचं नाही. आजी आमच्यासाठी रस पिळायची, साली-कोयी बाजूला सारायची आणि हात सरळ नळाखाली धरायची, बोटसुद्धा चाटायची नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, आता दिसतंय. त्यामुळं तुझा प्रश्न चुकीचा नाही गं.

तो आठवडाच आमच्याकडं गडबडीचा. वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती (बेळगावात ह्या जुन्या तिथीचीच, मग पुढं चित्ररथांची मिरवणूक, रात्रभर जागरण), दुसऱ्या दिवशी अक्षयतृतीया आणि त्याच दिवशी बसवजयंती, म्हणून शेजारच्या कानडी अक्कांकडनं होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, आणि आंब्याची शीकरणी यायची. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आजी त्यात आमरस भरायची. सीमाप्रश्नावरनं गावात काय काय चाललेलं असायचं, पण ह्या डब्याची ये-जा चालू.

पितर येऊन खातात असं मी मानतो का? माहीत नाही, बहुतेक नाही. पण पेटीतला पहिला आंबा आजीच्या वाट्याला कधी आलाच नाही, तो आता तरी तिला द्यावा असं वाटतं, एवढंच माझं कारण. तुला नसेल पटत तर तू ठेवू नकोस, मी ठेवीन.

आणि आंबा झकास झालेला हं. मेक्सिकोच्या त्या पिवळ्या आंब्याची कोय पातळ, देठाकडचं टोक कापून तू सुरी फिरवलीस, पिरगाळून ओढलीस तर साल न फाटता बाहेर आली, मला वाटलं नव्हतं जमेल. ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात टांगलेलं म्हणून आतलं श्रीखंड पण घट्ट बसलं, चकत्या सुटसुटीत पडल्या. फोटोपुढचा अर्ध्या तासात उचलून खायचाच असतो, वितळवून वाया घालवलेलं आजीला चाललं नसतं. पुढच्या वेळी साखर जरा कमी कर, वेलची आहे तेवढीच राहू दे.

बाबा